मार्चचा आकडा

जळगावच्या एका केळी संस्थेत मी कामाला लागले, तेव्हा माझ्याकडे कोणतं काम द्यायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. संस्था शेतकऱ्यांची केळी गोळा करायची, रेल्वेच्या वाघिणींत भरून उत्तरेकडे पाठवायची आणि आठवड्याच्या आठवड्याला शेतकऱ्यांचा हिशेब चुकता करायची. हिशेबनीस होते, वजनाला उभे राहणारे होते, स्टेशनावर धावणारे होते. मी बी.कॉम. झालेली, मेहरूणहून सायकलवर येणारी, ऑफिसातली एकटी बाई. मॅनेजर साहेबांनी दोन-चार दिवस विचार केला आणि मला बोलावून म्हणाले, "दरवर्षी संपतं आणि दरवर्षी पुन्हा सुरू करावं लागतं, असं जे जे आहे ते तुम्ही बघा."

म्हणजे करार. काट्याची तपासणी, जनरेटरची देखभाल, टाइपरायटरवाला, आग विझवायच्या लाल नळकांड्या पुन्हा भरून देणारा, फोनचं छोटं एक्स्चेंज सांभाळणारा, दिल्लीच्या बाजाराचा भाव रोज सकाळी कळवणारी सेवा. प्रत्येकाची मुदत वेगळी, प्रत्येकाचा माणूस वेगळा. काम तसं कटकटीचं होतं. चालू असलेल्या गोष्टीवर खर्च करायला कुणालाच आवडत नाही. जनरेटर चालतोय ना, मग कशाला बोलावता त्याला, असं दरवेळी ऐकावं लागायचं. मी मान डोलवायची आणि सहीसाठी कागद पुन्हा पुढे सरकवायची.

नव्वदच्या आसपास आमच्याकडे कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी मागच्या बाजूची खोली रिकामी केली, तिला काचेचं दार लावलं, भिंतीत एअरकंडिशनर बसवला. साहेबसुद्धा चपला बाहेर काढून आत जायचे. आत शिरल्यावर सगळ्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, देवघरात येतो तसा. कॉम्प्युटर चालवायला भुसावळचा एक ऑपरेटर घेतला होता, माझ्याच वयाचा, हसरा. आणि कॉम्प्युटरवर चालणारा सगळा कार्यक्रम, म्हणजे कुणाची किती केळी आली, घट किती धरली, भाडं किती गेलं, हातात काय पडणार, हे सगळं धुळ्याच्या एका माणसानं एकट्यानं लिहिलं होतं. त्यांना सगळे 'सर' म्हणायचे, कारण ते संध्याकाळी मुलांना कॉम्प्युटरही शिकवायचे.

सर पहिल्यांदा आले तो दिवस मला आठवतो. एप्रिल असावा. एसटी स्टँडवरून चालत आले होते. अंगात पांढरा शर्ट, खांद्याला झोळी, हातात स्टीलचा जेवणाचा डबा. डबा उघडला तर आत फ्लॉप्या. मी बघत राहिले, तेव्हा म्हणाले, "बसमध्ये खिडकीजवळ ठेवल्या तर वाकतात. आपल्याकडचं ऊन माणसाला सोडत नाही, त्यांना काय सोडणार." मग डब्याचा दुसरा कप्पा उघडला. त्यात भाकरी होती.

त्यांच्याशी जो करार झाला तो माझ्याकडे आला. त्यात एक कलम होतं ते मला कळेना. त्यांनी कॉम्प्युटरसमोर बसवून समजावलं. दरवर्षी मार्च संपला की हा कार्यक्रम बंद पडणार. बंद म्हणजे पडद्यावर फक्त एक आकडा दिसणार. तो आकडा त्यांना फोनवर सांगायचा, ते त्यावर काही गणित करून दुसरा आकडा सांगणार. तो भरला की पुढचा मार्च येईपर्यंत चिंता नाही.

"आणि नाही भरला तर?" मी विचारलं.

"तर तो उघडणार नाही."

साहेबांना याची मोठी गंमत वाटली. आमच्याकडे आकडा म्हटलं की मटकाच आठवतो. त्यामुळे मार्च आला की ऑफिसात थट्टा सुरू व्हायची. "काय मॅडम, आकडा लागला का?" मी एसटीडी लावायची, सर पलीकडून "हां, सांगा" म्हणायचे, थोडा वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू यायचा, मग आकडा यायचा. ऑपरेटर तो भरायचा आणि हिरवी अक्षरं पुन्हा पडदाभर पसरायची. सगळे आपापल्या जागी जायचे.

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी सर कामासाठी आले असताना मी त्यांना विचारलं की हे कुलूप कशासाठी. ते चहा पीत होते. म्हणाले, "माझा पहिला कार्यक्रम एका जिनिंगवाल्यांसाठी लिहिला होता. वर्षभर खपलो. त्याला कुलूप नव्हतं. नंतर मी त्यांच्याकडे गेलो तर दारावरच्या माणसानं विचारलं, तुमचं काय काम आहे. आत माझाच कार्यक्रम चालू होता, प्रिंटरचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता." त्यांनी कप खाली ठेवला. "माणसं विसरतात मॅडम. कुलूप नाही विसरत."

हे ते रागानं बोलले नाहीत, पण तो चहा त्यांनी अर्धाच प्यायला होता. तसं ते कधी टाकत नसत. मी म्हटलं, "चहा आवडला नाही का?" तर म्हणाले, "डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय. चहाही त्यातच धरतात."

बाहेर रस्त्यावर डांबर वितळेल असं ऊन होतं. जळगावात एप्रिलमध्ये माणूस दिवसभर माठापाशी असतो, आणि हा माणूस धुळ्याहून बसनं येऊन अर्धा कप चहावर थांबला होता. निघताना जिन्यात मधेच बसले. बुटांची नाडी सैल करत होते. पाय सुजून बुटाच्या काठावर आले होते. मी खाली उतरून विचारलं, "रिक्षा बोलावू का?" ते म्हणाले, "नको, सवय आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "किडनीचं आहे. नाशिकला जावं लागतं अधूनमधून. धुळ्यात ती मशीन नाही."

त्या दिवसापासून मला त्या काचेच्या खोलीची भीती वाटायला लागली. आत गेलं की एअरकंडिशनरची घरघर, प्रिंटरचा करकर आवाज, ऑपरेटरची शीळ, सगळं नेहमीसारखंच. पण हे सगळं एका माणसाच्या डोक्यातल्या गणितावर उभं आहे आणि तो माणूस पाणी मोजून पितोय, हे माझ्या मनातून जाईना. मी साहेबांना सांगितलं. सर आजारी आहेत, करारात बदल करून घेऊ, कुलूप काढून मागू, नाहीतर दुसरी सोय बघू.

साहेब चांगले माणूस होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, मार्च अजून लांब आहे," ते म्हणाले. "आणि आजारी माणसाला आपण असं विचारायचं कसं? तुम्ही गेल्यावर आमचं काय, असं?"

मी कराराची फाइल उचलून जागेवर आले. दिवाळीनंतर पुन्हा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले की संचालकांच्या बैठकीत ठेवू. बैठका झाल्या. त्यांत वाघिणी मिळत नाहीत हा विषय होता, करपा रोगाचा होता, नवीन गोदामाचा होता. माझा विषय दरवेळी शेवटी असायचा आणि शेवटपर्यंत कुणी थांबत नसे.

संक्रांतीनंतर मी सरांना फोन लावला, निमित्त काहीतरी काढलं होतं. घंटा वाजत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोज सकाळी आल्यावर आधी धुळ्याला फोन लावायचा, असा मला नादच लागला. ऑपरेटर दारातून विचारायचा, "आहेत का?" मी मान हलवायची. पुढे पुढे त्यानं विचारणं सोडलं, नुसता बघायचा. फेब्रुवारीत एक दिवस घंटाही वाजेनाशी झाली. लाइनमध्ये नुसतं पोकळ काहीतरी ऐकू यायचं, विहिरीत कान लावल्यासारखं.

मार्चमध्ये पडद्याच्या खालच्या बाजूला एक ओळ दिसायला लागली. ती दरवर्षीच दिसायची, मुदत संपत आल्याची सूचना. दरवर्षी तिच्याकडे आमचं लक्ष जात नसे. त्या वर्षी ऑपरेटरनं तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली. मी म्हटलं, "हे काय?" तो म्हणाला, "काम सुचत नाही हो मॅडम. सारखी नजर तिथंच जाते."

केळीचा भर होता. रोज ट्रॅक्टर, बैलगाड्या आवारात लागायच्या. केळीचं एक असतं, ती थांबत नाहीत. आज कापलेला घड उद्याची वाट बघत नाही. म्हणून हिशेब वेळेवर लागतो. हिशेब थांबला की पैसे थांबतात, पैसे थांबले की शेतकरी माल दुसरीकडे वळवतो, आणि मिळालेल्या वाघिणी रिकाम्या उभ्या राहतात. पूर्वी हे सगळं हातानं करणारे चार जुने हिशेबनीस होते. कॉम्प्युटर आल्यावर त्यांतले दोन निवृत्त झाले, उरलेल्यांना वसुलीवर पाठवलं होतं.

शेवटी साहेबांनाच धीर निघेना. ते ऑपरेटरला म्हणाले, "त्याला तारीख कोण सांगतं? आपणच ना? मग मागची सांग."

ऑपरेटरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थांबू या साहेब, मी धुळ्याला जाऊन येते." ते म्हणाले, "जा की, पण हे करून तर बघू." ऑपरेटरनं कॉम्प्युटरची तारीख मागे नेली, डिसेंबरात. कार्यक्रम सुरू केला. क्षणभर पडदा काळा राहिला. मग एकच ओळ आली. तिचा अर्थ असा होता की तारीख बदललेली आहे, मालकाशी संपर्क साधा. खाली तो आकडा.

ऑपरेटरनं तारीख पुन्हा नीट केली. ओळ गेली नाही. बंद करून चालू केलं, ओळ तिथंच. मार्च संपायला अजून अवकाश होता आणि आमच्या हातानंच दार लागलं होतं. सरांनी हे सगळं आधीच ओळखून ठेवलं होतं. कुठल्या तरी दुपारी धुळ्याच्या घरात बसून त्यांनी विचार केला असणार की ही माणसं एक दिवस असं करतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याची एसटी धरली. पत्ता करारावर होता, देवपुरातला. गल्ली सापडायला वेळ लागला नाही, कारण कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं मी विचारण्याआधीच हात केला. "आकड्यासाठी ना? ते पुढचं निळं दार."

निळ्या दाराच्या ओट्यावर माणसं बसली होती. मयताच्या घरी बसतात तशी, भिंतीला पाठ लावून, एकमेकांकडे न बघता. मला वाटलं, मी उशीर केला. मग लक्षात आलं की प्रत्येकाच्या हातात कागदाचा एक चिठोरा आहे.

शिरपूरच्या एका सूत संस्थेचे वयस्कर हेडक्लार्क होते, त्यांना सगळे आबा म्हणत, पाचोऱ्याच्या पतपेढीतले एक जण होते, आणखी दोघं-तिघं. सगळे कालपासून येत होते. शिरपूरच्या आबांनी मला जागा दिली आणि हळूच सांगितलं की सर नाशिकहून परत आलेत, आता पुन्हा न्यायचे नाहीत असं घरच्यांनी ठरवलंय. दवाखान्याच्या धावपळीत बिल भरायचं राहिलं आणि फोनची लाइन कापली गेली. "जागे असले की आकडा देतात," आबा म्हणाले. "पण मधेच डोळा लागतो. मला काल अर्धाच मिळाला."

"अर्धा म्हणजे?"

त्यांनी चिठोरा दाखवला. त्यावर तीन आकडे होते आणि पुढे कोरी जागा.

आतून सरांची आई, अक्का, बाहेर आली. बारीक, उंच, डोक्यावरून पदर घेतलेली. सगळे सावरून बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"कोठून उनी माय?"

"जळगावहून अक्का."

"तू बी आकडा लेवाले?"

मी हो म्हणाले. खोटं काय सांगणार होते. ती उंबऱ्यावर बसली. "तो आते जपेल शे," ती म्हणाली, म्हणजे झोपलाय. मग ओट्यावरच्या सगळ्यांना मिळून म्हणाली, "बठ्ठा आकडा लेवाले येतस. त्याले कसं शे, हाई कोणी इचारस नही."

तो कसा आहे, हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. पाचोऱ्याचे गृहस्थ थोड्या वेळानं म्हणाले, "अक्का, आमची माणसं दारात उभी आहेत हो. जरा उठवता का? फक्त पाच मिनिटं." त्यांचा आवाज उद्धट नव्हता, रडकुंडीला आलेला होता. अक्का म्हणाली, "नही." ते उठून उभे राहिले. दोन पावलं दाराकडे गेले. शिरपूरच्या आबांनी त्यांचं मनगट धरलं. तसे ते उभेच राहिले, ना आत ना बाहेर. मला त्या क्षणी खरंच भीती वाटली. सगळी साधी, पापभीरू माणसं होती, घरी बायकामुलं असलेली. पण आत झोपलेल्या माणसाच्या डोक्यात आपलं काहीतरी अडकलंय आणि तो कोणत्याही क्षणी ते घेऊन निघून जाईल, हा एकच विचार प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता. माझ्याही असणार.

दुपारी सर जागे झाले. अक्कानं आधी मला आत बोलावलं, बाई म्हणून असेल. खोलीत औषधांचा वास होता आणि खिडकीला ओलं पोतं लावलेलं. सर खाटेवर उशांना टेकून होते. चेहरा सुजला होता, हात मात्र काडीसारखे झालेले. मला ओळखलं. हसले.

"तारीख मागे नेली ना?"

मी खाली बघितलं. "हो."

"सगळे नेतात." त्यांना त्याचं काही वाटल्यासारखं दिसलं नाही. "सांगा."

मी कागदावरचा आकडा वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मी पेन धरून बसले, आणि ते झोपले तर, एवढंच मनात येत होतं. पण ते झोपले नाहीत. सगळा आकडा त्यांनी सांगितला, मग माझ्याकडून म्हणून घेतला.

उठायच्या आधी मी बोलले. सबंध प्रवासात घोकलेलं वाक्य होतं ते. "सर, हे कुलूप काढून टाकता येणार नाही का? आमचंच नाही, सगळ्यांचंच."

"येईल. पण त्यासाठी मला प्रत्येक मशीनसमोर बसावं लागेल." मग म्हणाले, "आणि मग येईल कोण?"

"मी येईन."

"आकडा नसताना इथं आजपर्यंत कुणी आलंय का मॅडम? अक्काला विचारा."

अक्का दारात उभी होती. बाहेरून कुणीतरी खाकरलं. मी उठले आणि माझ्या जागेवर शिरपूरचे आबा येऊन बसले, हातात तो अर्धा आकडा.

कोपऱ्यावरच्या बूथवरून मी जळगावला फोन केला. ऑपरेटरनं आकडा भरला. मला पलीकडून साहेबांचा मोठा सुस्कारा ऐकू आला, मग प्रिंटर सुरू झाल्याचा आवाज. "झालं मॅडम, या परत," साहेब म्हणाले. सर कसे आहेत, हे त्यांनी विचारलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की ओट्यावरून निघताना मीही अक्काला जाते म्हणून सांगितलं नव्हतं.

पंधरवड्यानं रविवारी मी पुन्हा धुळ्याला गेले. निघताना आई म्हणाली, "आता कशाला?" आठवड्याच्या बाजारातली थोडी द्राक्षं घेतली, मग आठवलं की त्यांना फळं चालत नाहीत, ती बसस्टँडवर एका बाईला देऊन टाकली. ओटा रिकामा होता. मार्च संपला होता. अक्कानं दार उघडलं आणि सवयीनं म्हणाली, "आकडा?"

"नाही अक्का. सहज आले."

तिला ते खरं वाटलं नाही. मी आत जाऊन सरांजवळ बसले तरी ती दारातून बघत होती, मी कधी कागद काढते म्हणून. सर फारसं बोलले नाहीत. आमच्या आवाराबद्दल विचारलं, घड मोजताना अजून तशीच ओरड असते का म्हणाले. मी सांगत राहिले. तासाभरानं अक्कानं ताट वाढलं. "चार घास खाई ले," म्हणाली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. मी जेवत असताना ती समोर बसली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू उनी, बरं झायं."

मेच्या सुरुवातीला संस्थेत सरांचा निरोप आला. कुणाच्या तरी ट्रकवाल्याबरोबर पाठवला होता. गाडी पाठवा, कुलूप काढायला येतो.

साहेबांनी ताबडतोब जीप दिली. मी बरोबर गेले. मागच्या सीटवर गादी घातली, अक्का त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पारोळ्यानंतर रस्त्यावर उन्हाच्या लाटा दिसत होत्या. दर खड्ड्याला ड्रायव्हर आरशातून मागे बघायचा. एरंडोलच्या अलीकडे सर इतके निपचित झाले की ड्रायव्हरनं गाडीच बाजूला घेतली. अक्कानं त्यांच्या नाकापुढे बोटं धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग म्हणाली, "चाल."

काचेच्या खोलीत आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं. थंड हवेनं त्यांना हुशारी आली. बोटं मंद चालत होती, पण चालत होती. ऑपरेटर मागे उभा राहून बघत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी येत होतं ते त्यानं पुसलं नाही. काम संपायला दुपार गेली. सरांनी कॉम्प्युटरची तारीख स्वतःच पुढच्या एप्रिलात नेली आणि कार्यक्रम सुरू केला. तो सुरू झाला. "आता मी नसलो तरी चालेल," ते म्हणाले. हे कशाबद्दल बोलले, ते कुणी विचारलं नाही.

साहेबांनी हात जोडले.

तिथून पुढं सरांना घाईच लागली. शिरपूरच्या आबांना मी फोन केला, ते स्वतः गाडी घेऊन आले आणि त्यांचंही कुलूप निघालं. पाचोऱ्याला जायचा दिवस ठरला होता. त्या दिवशी सकाळी आबांचा फोन आला. त्यांनी नुसतं "मॅडम" म्हटलं आणि मला कळलं.

धुळ्याला आम्ही चौघं गेलो, साहेबही आले. ओटा भरलेला होता आणि बसायची पद्धत तीच होती. पाचोऱ्याचे गृहस्थ भिंतीशी उभे होते. ते रडत होते आणि त्यांच्याकडे बघून मला वाटलं, हे सरांसाठी आणि राहून गेलेल्या कुलपासाठी, दोन्हींसाठी रडताहेत. त्यात चुकीचं काय होतं.

पुढच्या मार्चअखेर आमचा कार्यक्रम बंद पडला नाही. मी त्या दिवशी काचेच्या खोलीत जाऊन बसले होते. काहीच झालं नाही. पाचोऱ्याचा पडला. त्यांनी कॉम्प्युटर उचलून जळगावला आणला, आम्ही तो इंजिनिअरिंग कॉलेजात नेला, तिथल्या मास्तरांनी दोन दिवस झटून हात टेकले. त्या पतपेढीनं सगळा उन्हाळा पावत्या पुढ्यात घेऊन हिशेब पुन्हा हातानं मांडला. ठेवीदार दारात उभे असत. ते गृहस्थ अधूनमधून मला फोन करायचे. काम काही नसायचं. एकदा म्हणाले, "त्या दिवशी आबांनी माझा हात धरला नसता, तर मी आत गेलो असतो हो. उठवलं असतं मी त्यांना." मी म्हटलं, "गेला नाहीत ना." ते म्हणाले, "पण गेलो असतो."

अक्काला मी काही वर्षं भेटत राहिले. पुढे ती तिच्या लेकीकडे गेली.

आमच्या संस्थेनं नंतर मोठ्या शहरातल्या एका कंपनीचा नवा कार्यक्रम घेतला. त्यालाही वर्षाची मुदत होती, त्यालाही कुलूप होतं. संचालकांनी एका बैठकीत मंजूर करून टाकला. कंपनीचा माणूस बसवायला आला, तरुण, टाय लावलेला, बोलायला चटपटीत. करार माझ्या टेबलावर आला. मी तो पूर्ण वाचला आणि सही घेण्याआधी त्याला विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

तो गोंधळला. "आई आहे, बायको, एक मुलगी. का मॅडम?"

"आणि तुमची तब्येत?"

"एकदम ठीक," तो म्हणाला आणि हसला. मी हसले नाही, म्हणून त्याचंही हसू गेलं. मग दिवसभर तो काचेच्या खोलीत काम करत होता आणि मी दारावरून गेले की मान खाली घालत होता.